राणी ऊर्फ चांदणी

“मैडम, एक बकरी दो घर में कैसे रहेगी?”

दुबे सरांनी प्रिंटआउट माझ्यापुढे सरकवला. दोन ओळींवर पिवळा हायलायटर फिरवलेला होता. पहिली ओळ थोरल्या लांजेवारांच्या गोठ्यातल्या बकरीची, दुसरी धाकट्या लांजेवारांच्या गोठ्यातल्या बकरीची. मालक वेगळे, गोठे वेगळे, सॅम्पल घेतल्याचे दिवस वेगळे. डीएनए मात्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत एकच.

“जुळ्या असतील, सर,” मी म्हटलं. म्हणताना माझी मलाच लाज वाटली.

“बकरी के जुड़वाँ तो सगे भाई-बहन जितने ही मिलते हैं. ये आपने ही मुझे पढ़ाया था.”

हे खरं होतं. सर मूळचे कोंबड्यांचे. बकऱ्यांबद्दल त्यांना जे काही येतं ते मी शिकवलेलं, आणि ते नेमकं नको त्या वेळी त्यांना आठवतं.

सोप्या भाषेत सांगते. दोन सॅम्पलचा डीएनए असा तंतोतंत जुळला की त्याचे अर्थ दोनच. एक तर ती एकच बकरी आहे. नाहीतर लॅबमध्ये सॅम्पल मिक्स झाले, म्हणजे एका बकरीचा थेंब दुसरीच्या नळीत गेला. आता बकरी काही भिंत ओलांडून दोन संसार करत नाही. म्हणजे दोष लॅबचा. आणि आमच्या धंद्यात ‘सॅम्पल मिक्स झाले’ म्हणणं म्हणजे सुगरणीला ‘भाजीत केस निघाला’ म्हणणं.

“सोमवार तक कारण ढूँढ लीजिए,” सर म्हणाले. “नहीं तो पूरा लॉट बाहर की लैब में जाएगा. साथ में लिखना पड़ेगा, हैंडलिंग एरर. और फिर इन-चार्ज के बारे में भी सोचना पड़ेगा.”

इन-चार्ज मी होते. अकोल्याची नोकरी सोडून मी रायपूरला आले ती या लॅबसाठी. मशीन बसवण्यापासून फ्रीजवर ‘इथे डबा ठेवू नये’ अशी चिठ्ठी लावण्यापर्यंत सगळं मी केलं होतं. ती खुर्ची माझी होती आणि एका बकरीपायी जाणार होती. मला राग आला, आणि तो काढायला समोर बकरीही नव्हती.

आता हे लांजेवार कोण ते सांगायला हवं.

लांजेवारांचं घर रायपूरच्या कडेला, पुरानी बस्तीच्याही पुढे. वडील भंडाऱ्याकडचे, रेल्वेत होते, इथेच राहिले. आई गिरजाबाई तुमसरच्या. लग्नात त्यांच्या भावाने त्यांना एक पांढरी दुभती बकरी दिली होती. ती बकरी, तिच्या लेकी, लेकींच्या लेकी असं करत गिरजाबाईंचा दुधाचा धंदा उभा राहिला. डेंग्यूच्या दिवसांत बकरीच्या दुधाला इथे जी मागणी येते ती सांगून खरी वाटणार नाही. डॉक्टर काहीही म्हणोत, लोक पहाटे बाटल्या घेऊन रांगेत उभे असतात. गिरजाबाईंचं नाव पार पंडरीच्या कापडवाल्यांपर्यंत पोचलं होतं.

गिरजाबाई गेल्या आणि वसंतराव व सुधाकर या दोन मुलांमध्ये वाटणी झाली. अंगणात भिंत आली. बकऱ्या निम्म्या-निम्म्या झाल्या. इथवर रीतसर होतं. पण थोरल्याने आपल्या फाटकावर बोर्ड लावला, ‘गिरजाबाई की असली बकरी का दूध’. आठवड्यात धाकट्याचा बोर्ड आला, ‘गिरजाबाई की एकमात्र असली बकरी का दूध’. तेव्हापासून दोघांचा अबोला. एका भिंतीच्या दोन बाजूंना राहायचं, एकाच टपरीवर पान खायचं, आणि एकमेकांशी अवाक्षर नाही.

थोरल्याचं म्हणणं, आईची बकरी अस्सल जमनापारी होती. जमनापारी म्हणजे उंच, पांढरी, लांब कानांची, नाकावर बाक असलेली दुधाची जात. तो वंश आपण शुद्ध ठेवला, धाकट्याने भलतेसलते बोकड लावून घाण केली. धाकट्याचं म्हणणं शब्दशः तेच, फक्त नावं उलटी.

शेवटी तुमसरचे मामा मध्ये पडले. मामांनी कुठेतरी डीएनएबद्दल वाचलं होतं. त्यांच्या गोठ्यात त्या मूळ बकरीच्या सख्ख्या बहिणीचा वंश अजून होता. मामांनी तोड काढली ती अशी: तुमसरच्या बकरीशी ज्याच्या बकऱ्या जुळतील त्याने आईचं नाव ठेवावं, दुसऱ्याने बोर्ड उतरवावा. दोघे कबूल झाले. आपलाच वंश शुद्ध, याची दोघांनाही खात्री होती.

असं जुळवता येतं का? येतं. पेशीत डीएनए दोन ठिकाणी असतो. मोठा साठा आईबापांकडून निम्मा-निम्मा येतो. त्यावरून जनावरात कोणकोणत्या जाती मिसळल्या आहेत ते कळतं. दुसरा एक छोटासा तुकडा फक्त आईकडून येतो. आईकडून लेकीला, लेकीकडून नातीला, जवळजवळ आहे तसा. लग्न झालं तरी न बदलणारं माहेरचं आडनाव म्हणा. तो तुकडा तुमसरच्या बकरीशी ताडून बघायचा, एवढंच काम होतं.

सॅम्पल घ्यायला थोरल्याकडे मी गेले. त्याच दिवशी भिंतीपलीकडचंही उरकू म्हटलं, तर वसंतराव म्हणाले, “एकाच दिवशी नाही जमत, मॅडम. माह्या घरचा पाय तिकडं अन् तिकडचा इकडं, असं नाही चालत.” भिंतीपलीकडून कोणीतरी मोठ्याने खाकरलं. वसंतरावांनी भिंतीकडे न बघता मला सांगितलं, “सांगा त्याईले, खोकल्याले दूध प्याव म्हना. अस्सल असन तर.”

सॅम्पल म्हणजे बकरीच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची. काम सोपं आहे. अडचण एकच, बकरीला ती काडी खाऊ वाटते. पहिल्याच बकरीने माझी काडी निम्मी चावून गिळली आणि वर आणखी आहे का म्हणून पिशवीत तोंड घातलं.

वसंतरावांनी एकेक बकरी अशी पुढे आणली, जणू मुलगी दाखवायचा कार्यक्रम. अंग पुसलेलं, गळ्यात निळ्या मण्यांची माळ. शेवटी एक बकरी आली ती बाकीच्यांपेक्षा हातभर उंच. “हे पाहा मॅडम,” ते म्हणाले, “याले म्हंतात असली खून. असं जनावर पलीकडं शोधून सापडलं तर मिशी काढतो.”

“नाव काय हिचं?” मी फॉर्म भरत विचारलं.

वसंतराव क्षणभर थांबले. “राणी,” म्हणाले.

ते थांबणं मला हळवेपणाचं वाटलं.

दोन दिवसांनी धाकट्याकडे आमचे टेक्निशियन मेश्रामभाऊ गेले. मी त्या दिवशी मीटिंगमध्ये होते. भाऊ परत आले ते खुशीत. “सुधाकरभाऊंचं एक नग दाखवतो तुमाले, मॅडम. चांदणी नाव हाये. काय बकरी आहे. ते म्हणे, असं जनावर पलीकडं भेटलं तर मी हा धंदा सोडतो.”

तर सरांच्या हायलायटरखालच्या त्या दोन ओळी म्हणजे राणी आणि चांदणी.

सरांच्या केबिनमधून आले ती थेट फ्रीजकडे. उरलेल्या डीएनएवर टेस्ट पुन्हा लावली. तेच आलं. मग म्हटलं, डीएनए काढतानाच चूक झाली असेल. मूळ काड्यांचे राखून ठेवलेले तुकडे होते, त्यांतून नव्याने डीएनए काढला. राणीच्या काडीला मी हात लावला, चांदणीच्या काडीला मेश्रामभाऊंनी. वेगळ्या टेबलवर, वेगळ्या वेळी. पुन्हा तेच. शिवाय बाकीच्या बकऱ्यांचे निकाल पूर्ण झाले त्यात आणखी दोन जोड्या निघाल्या. एक इकडची, एक तिकडची, आणि दोघी एकच.

मेश्रामभाऊ स्टुलावर बसले. माणूस सज्जन आणि मनाला लावून घेणारा. “मॅडम, माह्या हातानं नाही झालं हे. माह्या पोट्टीची शपथ.”

“शपथ कशाला घेता, भाऊ? तुमच्यावर कोण संशय घेऊन राहिलं?” रायपुरात राहून माझ्याही तोंडात हे ‘घेऊन राहिलं’ बसलं आहे.

“सर घेऊन राहिले न. सकाळपासून मले ‘मेश्राम जी’ म्हणून राहिले. एरवी नुसतं मेश्राम म्हंतात.”

एसओपीप्रमाणे, म्हणजे कामाच्या लेखी पद्धतीप्रमाणे, सॅम्पल घेताना प्रत्येक जनावराचा फोटो काढायचा असतो. हा नियम मीच लिहिला होता आणि लिहून विसरले होते. मी दोन्ही फोटो कॉम्प्युटरवर शेजारी लावले. राणीच्या गळ्यात निळ्या मण्यांची माळ होती. चांदणीच्या कपाळावर कुंकू, गळ्यात घुंगरू आणि शिंगांना झेंडूची फुलं. दोन वेगळ्या बायका वाटाव्यात इतका फरक. पण डाव्या कानाच्या टोकाला एक चीर होती. राणीला होती, आणि झेंडूच्या आड चांदणीलाही होती.

मेश्रामभाऊंनी चष्मा कपाळावर चढवला, खाली घेतला, आणि म्हणाले, “हे तर एकच बाई हाये, मॅडम.”

मला आधी हसू आलं. मग एवढं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. लॅब स्वच्छ होती. सॅम्पल मिक्स झाले नव्हते, बकऱ्या मिक्स झाल्या होत्या. पण नुसत्या कानाच्या चिरेवर सर मानणार नव्हते. पांढऱ्या बकऱ्या काटेरी कुंपणात कान फाडून घेतच असतात. ती पलीकडे गेली कशी, हे मला दाखवता यायला हवं होतं.

शनिवारी दुपारी मी एकटीच गेले. मुद्दाम दुपारी, कारण त्या वेळी दोघे भाऊ दूध पोचवायला निघालेले असतात, एक स्कूटरवर, एक मोटरसायकलवर, आणि वाटेत एकमेकांना ओव्हरटेक करत.

पुढच्या दाराने न जाता मी मागून गेले. अंगणातली भिंत मागे जिथे संपते तिथे पत्र्याचं एक छोटं फाटक आहे. फाटकाला कुलूप होतं, गंजून लाल झालेलं. वसंतरावांनी मला पहिल्याच दिवशी ते अभिमानाने दाखवलं होतं, “वाटणीपासून उघडलं नाही.” मी जवळ जाऊन बघितलं. कुलूप गंजलेलं होतं खरं, पण ते नुसतं कडीला लटकवलेलं होतं. कडी कशातच अडकवलेली नव्हती. बिजागऱ्यांना तेल होतं. आणि फाटकाखाली, निम्म्या या अंगणात आणि निम्म्या त्या अंगणात, ताज्या लेंड्या पडलेल्या होत्या.

एवढी शास्त्रं शिकले, पण पुरावा म्हणून लेंड्या हातात घेऊन बघायची वेळ पहिल्यांदाच आली. मी अशी उकिडवी बसलेली असतानाच फाटक आतून उघडलं. आवाजसुद्धा झाला नाही.

पुढे चांदणी होती. तिच्यामागे थोरल्याची बायको सुनंदाबाई, आणि पलीकडून दोरी धरायला हात पुढे केलेली धाकट्याची बायको हेमलता. तिघीही माझ्याकडे बघत राहिल्या. सगळ्यात आधी सावरली ती बकरी. तिने माझी ओढणी तोंडात घेतली.

“आता या आतमधी, मॅडम,” सुनंदाबाई म्हणाल्या. “दारात बसून काय लेंड्या मोजून राहिल्या?”

आत बकरीच्या दुधाचा चहा आला. मला तो वास सहन होत नाही, हे मी आजवर एकाही क्लायंटला सांगितलेलं नाही. मी श्वास रोखून प्यायले आणि विचारलं, “हे कधीपासून?”

सुनंदाबाई गोंदियाच्या, बोलायला मोकळ्या. “भिंत झाली तवापासूनच न. हिच्या बकऱ्या आटल्या का माह्या जातात. माह्या गाभण राह्यल्या का हिच्या येतात. गिऱ्हाइक कसं वापस पाठवाव? सासूबाईनं कधी वापस पाठवलं नाही कोनाले.”

हेमलता धमतरीची. तिला मराठी समजतं, उत्तर हिंदीत येतं. “दीदी, आदमी लोग का झगड़ा है. बकरी का थोड़ी है.”

“ते दुधाचं झालं. पण सॅम्पलच्या दिवशी काहून नेल्या?”

दोघी एकमेकींकडे बघून गालात हसल्या.

“तुमी येऊन राहिल्या होत्या न,” सुनंदाबाई म्हणाल्या. “रायपूरच्या मोठ्या ऑफिसातून मॅडम येणार, फोटू काढणार. माह्याकडं त्या टायमाले चांगलं जनावर एक नव्हतं. सगळ्या वाळलेल्या. म्हटलं, हेमा, तुझी चांदणी दे एक दिवस. पाव्हने आले का आपण शेजारणीचे कप मांगून आणतो का नाही?”

“हव,” हेमलता म्हणाली. “फिर मेरे यहाँ भाऊ आए, तो मैं इनकी दो ले आई. बराबर हो गया.”

मी कप खाली ठेवला. आमच्या पुस्तकांत सॅम्पलिंगच्या चुकांचं एक अख्खं प्रकरण असतं. नमुना कमी घेतला, नात्यातली जनावरं घेतली, लेबल चुकलं. पाहुण्यांसमोर बरं दिसावं म्हणून जावेची बकरी मागून आणली, हे त्यात कुठेही नाही. आणि मला तर लहानपणापासून माहीत होतं. आमच्याकडे पाहुणे आले की जोशीकाकूंचे सोनेरी काठाचे कप यायचे, आणि काकूंकडे आले की आमच्या खुर्च्या जायच्या.

“मग निकालात काय येणार, हे तुम्हाला ठाऊक होतं की नाही?”

“आमाले काय ठाऊक, बकरी तोंडानं बोलत नाही अन् थुंकीनं बोलते म्हणून,” सुनंदाबाई म्हणाल्या.

मग त्या गंभीर झाल्या. “ताई, हे लिहू नका पण. आमच्या मालकाले कळलं तर फाटकाले खरं कुलूप लागन. मंग हिचं गिऱ्हाइक एकीकडं, माह्या बकऱ्या एकीकडं. अन् आमी दोघी...” त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि चांदणीच्या पाठीवरून हात फिरवला. हेमलता तर भिंतीकडेच बघत होती.

मला वाईट वाटलं. या दोघींनी नवऱ्यांच्या नकळत अख्खं घर एकत्र धरून ठेवलं होतं आणि मी ते कागदावर मांडून मोकळी होणार होते. नाही मांडलं, तर सोमवारी चूक माझ्या नावावर आणि मेश्रामभाऊंच्या नावावर. न लिहिण्याचा विचार मी केला. पाच मिनिटं अगदी मनापासून केला. पण रिपोर्टवर खोटं लिहिणं मला जमत नाही. चांगुलपणा म्हणून नव्हे. एकदा खोटं लिहिलं की पुढचं प्रत्येक खरं लिहिताना हात अडखळतो.

“मला लिहावं लागेल,” मी म्हटलं. “पण तुमची नावं नाही लिहिणार. कोणी नेली, का नेली, काही नाही. फक्त या तीन बकऱ्या दोन्हीकडे सापडल्या, एवढंच.”

सुनंदाबाईंनी उसासा टाकला. “लिहा मंग. बकरीचं लिहा.”

सोमवारी सरांना मी दोन्ही फोटो दाखवले आणि फाटकाचं सांगितलं. लेंड्यांचा उल्लेख सरांना विशेष पटला. कोंबड्यांत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला तो पुरावा जवळचा वाटला असावा. तरी ते म्हणाले, “क्लाइंट मान ले, तब बात खत्म.”

दुपारी दोघे भाऊ आले. मीटिंग रूममध्ये दोघांनी मध्ये एक खुर्ची सोडली. त्या खुर्चीवर मी मेश्रामभाऊंना बसवलं. भिंत म्हणून कोणीतरी हवं होतं.

मी आधी वंशाचा निकाल सांगितला. दोन्ही गोठ्यांतल्या बकऱ्यांचा आईकडचा तुकडा तुमसरच्या बकरीशी जुळला. सगळ्यांचा. दोघेही गिरजाबाईंच्या बकरीचेच वारस.

दोघांचे चेहरे पडले. जिंकलेली दोन माणसं इतकी नाराज मी कधी बघितली नव्हती.

“मॅडमले विचारा,” सुधाकर मेश्रामभाऊंना म्हणाला, “जमनापारी शुद्ध कोनाची?”

“कोणाचीच नाही,” मी सांगितलं. “मुळातच नव्हती. तुमसरची बकरीसुद्धा मिसळच आहे. जमनापारी आहे, राजस्थानची सिरोही आहे, आपल्याकडची काळी गावठी आहे. आणि चिमूटभर सानेन. ती विलायती जात, फार दुधाळ. पूर्वी कधीतरी संकराचे विलायती बोकड गावोगावी दिले जायचे, त्यातलाच एखादा तुमसरला पोचला असेल.”

“विलायती?” वसंतराव ताठ बसले. “त्याईले विचारा, भाऊ, विलायती कोनाकडं जास्त हाये?”

त्यावर सरांनी हात वर केला आणि पुढचं पान उलटलं. “एक बात और है. तीन बकरियाँ दोनों के यहाँ मिली हैं. वही की वही. या तो हमारी लैब की गलती है, या...” त्यांनी दोन्ही फोटो टेबलवर ठेवले आणि चिरलेल्या कानावर बोट ठेवलं. “ये बकरी है किसकी?”

मेश्रामभाऊंनी डोळे मिटून घेतले होते. मी दोघांकडे बघत होते. आश्चर्य कोणाच्याच चेहऱ्यावर नव्हतं. वसंतरावांची नजर फोटोवर आणि सुधाकरची नजर वसंतरावांच्या हातांवर.

तेव्हा कुठे मला दिसलं ते. जो माणूस आपली प्रत्येक बकरी शेपटीवरून ओळखतो, त्याला आपल्याच गोठ्यात उभी असलेली परकी बकरी कळली नसेल? दोघांनाही कळली होती. पहिल्या दिवसापासून कळली होती. फाटक, तेल, दूध, सगळं माहीत होतं. माहीत आहे म्हटलं असतं तर बंद करायला लागलं असतं, म्हणून दोघेही गप्प होते. आणि आता ज्याची बकरी असेल त्याने ‘माझी’ म्हटलं की दुसरा सगळ्यांसमोर खोटा पडणार होता.

सुधाकरने घसा साफ केला. मेश्रामभाऊंना न सांगता तो सरळ सरांना म्हणाला, “दादाची हाये, सर. माह्याकडं चुकून आली असन.”

दादा हा शब्द त्या अबोल्यात किती दिवसांनी निघाला असेल कोण जाणे. वसंतरावांनी मान खालीच ठेवली होती. मग त्यांनी फोटो उचलला, लांब धरून बघितला आणि परत ठेवला.

“नाही, सर,” ते म्हणाले. “चांदणी हाये ते. बारक्याची. म्याच मांगून आणली होती.”

सुधाकर वळला. मेश्रामभाऊंच्या अंगावरून वाकून त्याने थेट भावाला विचारलं, “तुले नाव कसं माहीत?”

“रोज सकाळी हाका मारून राहतो न तू,” वसंतराव म्हणाले. “भिंत का कानाले हाये?”

मेश्रामभाऊ हळूच उठले आणि ती मधली खुर्ची मागे घेतली. सर खिडकीबाहेर बघू लागले. मलाही तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, तरी मीही बघितलं. माझ्या फॉर्मवर ‘राणी’ लिहिण्याआधी वसंतराव का थांबले होते ते मला आत्ता कळलं. हळवेपणाच होता तो, पण मी समजले त्या बकरीबद्दलचा नव्हता. भावाच्या बकरीचं नाव तोंडात आलेलं त्यांनी गिळलं होतं.

पुढचं थोडक्यात सांगते. अबोला त्या खोलीत सुटला, आणि लॅबच्या जिन्यावर पहिलं भांडण झालं. विषय, विलायती अंश कोणाच्या बाजूला जास्त. मामांच्या अटीप्रमाणे बोर्ड कोणीच उतरवला नाही. फक्त दोघांनीही ‘असली’ पुसलं, कारण आता त्या शब्दाला रिपोर्ट आड येत होता. त्याच्या जागी थोरल्याने ‘डीएनए जाँच की हुई’ लिहिलं. आठवड्यात धाकट्याने ‘डबल जाँच की हुई’ लिहिलं. तेही खरंच होतं, म्हणून मला आक्षेप घेता आला नाही.

फाटक उघडं असतं. गंजलेलं कुलूप मात्र सुनंदाबाईंनी काढू दिलं नाही. असू द्या म्हणाल्या, पुरुषांचा भरवसा नाही.

माझी खुर्ची राहिली. सरांनी फाइलवर शेरा मारला, ‘सैंपल ठीक, बकरी घुमंतू’. मेश्रामभाऊ पुन्हा नुसते मेश्राम झाले. मी एसओपीमध्ये एक ओळ वाढवली. नंतर ऑडिटला आलेल्या साहेबांनी तिच्यावर लाल पेनाने प्रश्नचिन्ह काढलं, पण मी ती काढली नाही. ओळ अशी आहे: सॅम्पल घेण्यापूर्वी, दाखवलेलं जनावर कालही याच गोठ्यात होतं का, हे घरातल्या बाईला विचारावं. मालकाला विचारू नये.